धोंड्याच्या महिन्यात जावयाला शिव्या कोणी दिल्या

मी चौथी शिकलेली बाई आहे. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं, बापानं पाठवलं नाही, विषय संपला. पण वाचायची सवय सुटली नाही, आणि तुमचं हे अनुभवांचं पान मी नेमानं वाचते. त्यातले निम्मे लोक खोटं लिहितात असं माझं मत आहे. पांढरी साडी, चिंचेचं झाड, उलटे पाय... एकदा तरी कुणाला हिरव्या साडीतलं भूत दिसावं की. आमच्याकडं भानामतीचं पीक ज्वारीपेक्षा जोरात येतं. कुणाच्या डोळ्यांतून खडे निघतात, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना भोकं पडतात. माझी सत्तरी उलटली. माझ्या लुगड्याला आजवर एकदाच भोक पडलं, ते उंदरानं पाडलं, आणि तो उंदीर मी पकडला.

तेव्हा हे मी हौसेनं लिहीत नाही. सगळी गल्ली म्हणते की ते मी केलं, आणि मी ते केलेलं नाही. म्हणून लिहिते.

आमचं गाव भोकर तालुक्यात. बस फाट्यावर थांबते, पुढं चालत यावं लागतं. घर साधं — एकापुढं एक तीन खोल्या, शेवटची स्वयंपाकाची. तिला मागचं दार नाही. एक खिडकी आहे, तिला तीन लोखंडी गज आहेत. हे लक्षात ठेवा, लोक विसरतात.

अंगणात पेव आहे. शहरातल्यांना सांगते — पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा शिरेल इतकं, आणि आत पोट रांजणासारखं फुगलेलं. खोली दोन पुरुष, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. तळाला-बाजूला कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. हल्ली सगळे पत्र्याच्या कोठ्या वापरतात. मी पेव सोडलं नाही, कारण त्या ज्वारीच्या भाकरीला जी चव असते ती कोठीतल्या ज्वारीला नसते.

पण पेवात वाफ असते. वाफ म्हणजे चहाची नव्हे. बंद पेवातली हवा मरते, तिला आम्ही वाफ म्हणतो. दिसत नाही, धड वासही येत नाही. मी नवी नवरी होते तेव्हा गावातल्या एका पेवातून दोघा भावांना बाहेर काढलं होतं. एक उतरला, तो बोलेना. काय झालं बघायला दुसरा उतरला. दोघांच्या अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. म्हणून रीत अशी की पेव उघडलं की एक दिवस आणि एक रात्र तसंच उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर कुणी उतरत नाही, मग घरात उपास पडला तरी चालेल.

आता जावई.

माझा जावई तेलंगणात, गोदावरीकाठच्या एका कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे. नाव दत्तात्रय. सासूनं जावयाचं नाव घ्यायचं नसतं; अकरा वर्षांत मी ते तोंडातून काढलेलं नव्हतं. मी 'जावईबापू' म्हणते, तो मला 'मामी' म्हणतो. खाणीत त्याच्या हुद्द्याला सरदार म्हणतात. नांदेडात हे सांगितलं की लोक आधी पगडी शोधतात. काम असं की पाळी सुरू व्हायच्या आधी खाली उतरायचं, प्रत्येक बोगद्यात हवा तपासायची, वरच्या पंख्याचा वारा शेवटापर्यंत पोचतो का बघायचं, आणि सगळं ठीक असलं तर खडूनं तारीख, वेळ आणि सही लिहायची. त्याची सही दिसल्याशिवाय मजूर पुढं जात नाही. म्हणजे जबाबदारीचं काम आहे, नाही असं मी म्हणत नाही.

माणूसही वाईट नाही. दारू पीत नाही, माझ्या रेखाला सुखात ठेवतो. दोन खोडी आहेत. बोलतो फार आणि खातो फार. लग्नाच्या पंगतीत त्याला लाडू वाढता वाढता वाढप्याची कंबर भरून आली होती. तेव्हाच माझ्या मनात शब्द आला — हावऱ्या. मनात आला आणि मनातच राहिला. रेखाला नाही सांगितला, मुलाला नाही, माझ्या मालकालाही नाही सांगितला, आणि मालक तर आता राहिले नाहीत.

परवाच्या धोंड्याच्या महिन्यात मी लेक-जावयाला बोलावलं. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यात जावयाला नारायणाच्या जागी मानून जेवू घालायचं, तेहतीस अनारसे वाण द्यायचं. ह्या महिन्यात जावयाला वाकडा शब्द बोलायचा नसतो. इतर महिन्यांतही नसतो, पण ह्या महिन्यात अगदीच नसतो.

तो आला तो खिशातलं एक मीटर घेऊन आला. बिस्किटाच्या पुड्याएवढं, पिवळं. स्वतःच्या पैशानं घेतलेलं, त्यामुळे कौतुक जास्त. चहा घेताना सुरू झाला.

"मामी, ही खाणीतली गॅस असती नव्हं, तिच्या जाती हायत. एक हलकी असती, ती छताला जाऊन बसती. ठिणगी मिळाली की भडका. एक जड असती, ती खाली साचून ऱ्हाती. माणूस वाकला की गेला. ह्यात ऑक्सिजनचा आकडा दिसतो बघा, वीस पूर्णांक नऊ. ही चांगली हवा. एकोणिसाच्या आसपास उतरला की हे बोंबलतंय."

"आमचा कंदील न बोंबलता सांगतो," मी म्हटलं.

"कंदिलाचा जमाना गेला, मामी."

खरं होतं. रेशनवरचं रॉकेल बंद झालं तसा कंदीलही माळ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. रेखा म्हणाली, आई, ह्यांच्या मीटरलाही कुंकू लाव. तिनं सांगितलं नसतं तरी मी लावलंच असतं. माझ्या घरी मोटार आली, मिक्सर आला, मुलाची फटफटी आली — कुंकवाशिवाय मी कशालाही हात लावू दिलेला नाही. मी विचारलं, "ह्याचं तोंड कुठलं?"

"ही बारीक जाळी दिसून राहिली का मामी? हितूनच ते श्वास घेतंय."

मग तिथंच लावलं. आधी हळद, वरून कुंकू, ओलं, ठसठशीत, अंगठ्यानं दाबून. त्यावर चार अक्षता. तो हसला, मीटरला हात जोडले आणि अनारशांचं ताट पुढं ओढलं.

मुख्य जेवण उद्या होतं. तेवढ्यात त्याला आठवलं की मामीच्या पेवातली ज्वारी आहे. "उद्या धोंड्याच्या जेवणाला पेवातल्या ज्वारीची भाकरी पायजे," म्हणाला. पुरणाच्या धोंड्यांबरोबर भाकरी कोण खातं? हा खातो. माझ्या मुलानं, हणमंतानं, नऊच्या सुमारास लिंपण फोडून फरशी बाजूला केली. ज्वारी पार तळाशी गेली होती, उतरल्याशिवाय निघणार नव्हती. रीतीप्रमाणं उद्या सकाळपर्यंत थांबायचं आणि मग दिवा. पण जावयानं मीटर सुतळीला बांधून आत सोडलं, थोडा वेळ थांबला, वर ओढलं. वीस पूर्णांक नऊ. बोंबललं नाही. मग पठ्ठ्यानं हात झाडले, रेखाकडून पोरांचा खडू मागून घेतला आणि माझ्या फरशीवर तारीख, वेळ आणि सही ठोकली.

मी जावयाला काही बोलले नाही. हणमंताला बोलले, पण दोघांना ऐकू जाईल असं. "हणमंता, वाफ एका सकाळीत जात नसती. उद्या उतरा म्हणावं."

हणमंत म्हणाला, "आई, त्यांचं रोजचंच काम हाय ते."

जावई अनारसा खात होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

मी गव्हाचा डबा डोक्यावर घेतला आणि गिरणीकडं निघाले. माझा अंदाज होता की इतके अनारसे खाऊन तो झोपेल. अंदाज चुकला.

इथून पुढचं मी बघितलेलं नाही, कारण मी तिथं नव्हते. सगळा मुद्दा तोच आहे. गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या देवळापलीकडं. माझं पीठ निम्मं झालं आणि लाईट गेली. पट्टा थांबला. मग मी आणि गिरणीवाले रज्जाकभाई पिठावरून बोलत बसलो. मी म्हणत होते जाडं दळलंय, ते म्हणत होते, काकू, तुमचे डोळे बारीक झालेत.

घरी त्याच वेळी काय झालं ते चौघांनी मला सांगितलं, आणि चौघांचं सांगणं एकच आहे. जावयानं कमरेला दोर बांधला. हणमंतानं दुसरं टोक धरलं. रेखा टोपलं घेऊन उभी होती. समोरच्या ओट्यावर शेजारीण गंगाबाई टीव्हीचा आवाज मोठा करून डाळ पाखडत बसली होती. जावई पेवात उतरू लागला. छातीपर्यंत आत गेला. लाईट गेली, गंगाबाईचा टीव्ही बंद पडला, गल्लीत शांतता झाली. आणि आमच्या स्वयंपाकघरातून माझा आवाज आला —

"ए दत्त्या. हावऱ्या. नीघ भाईर. भाकरीपायी जीव देतूस का? माज्या लेकीचं कपाळ पांढरं करतूस का रं मुडद्या?"

मी झालं तेवढं पीठ घेऊन घरी आले तर पेवातून वर आलेला जावई ओट्यावर बॅग घेऊन बसलेला. रेखाचे डोळे लाल. हणमंत दोराची गुंडाळी करतोय, एरवी जो माणूस स्वतःचा टॉवेल वाळत घालत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"आई, तुला हाच महिना घावला का?" रेखा म्हणाली.

"कशाला?"

"बोलायचंच होतं तर मला बोलायचं. साऱ्या गल्लीसमोर त्यांना..."

समोरून गंगाबाई म्हणाली, "बोलली ती बोलली, पण लई जोरात बोलली गं माय. माझं सूप सांडलं."

जावई माझ्याकडं न बघता हणमंताला म्हणाला, "हणमंतराव, फाट्यावरनं गाडी किती वाजता हाय?"

मी म्हटलं मी आत्ता गिरणीतून येते आहे. डोक्यावर डबा होता, पापण्यांवर पीठ होतं. तरी कुणाचा विश्वास बसेना. गंगाबाईनं तर्क लढवला की मी बोलून मागच्या मागं खिडकीतून सटकले असणार. तीन गजांची खिडकी, माझ्या एका गुडघ्यात स्टीलची वाटी, आणि मी खिडकीतून सटकले. मी म्हटलं, बरं, मी बोलले काय ते तरी सांगा.

हणमंतानं सांगितलं. जरा जास्तच आवडीनं सांगितलं असं मला वाटलं.

'दत्त्या' ऐकून मला राग आला. 'हावऱ्या' ऐकल्यावर मी डबा खाली ठेवला. घाबरले असं मी लिहिणार नाही. पण डबा खाली ठेवावा लागला, हे खरं.

मग मी म्हटलं, "मी बोलले का न्हाई ते मागून बघू. जी कुणी बोलली ती जीव जाईल म्हणाली. आधी ते बघू."

सकाळचं निरांजन घेतलं, तांब्यात ठेवलं, तांब्याच्या गळ्याला दोर बांधला आणि पेटवून पेवात सोडलं. हातभर गेलं नाही तोच विझलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. तिसऱ्यांदा चांगलं तुपात भिजवलेलं फडकं पेटवून सोडलं. कुणीतरी चिमटीत धरून मालवावं तसं ते मालवलं.

जावई ओट्यावरून उठला. बॅग तिथंच राहिली. त्यानं मीटर आत सोडलं, बाहेर काढलं. वीस पूर्णांक नऊ. तो त्या आकड्याकडं बघत राहिला. मग मीटर तोंडाजवळ धरून त्यानं जोरात फुंकर मारली आणि आकड्यावर नजर ठेवली.

"हे काय?" हणमंतानं विचारलं.

"आपल्या श्वासानं आकडा पडाया पायजे. खाणीत उतरायच्या आधी रोज बघतो मी हे."

"मग आज बघितलं न्हाई?"

"आज तोंडात अनारसा होता," जावई म्हणाला.

आकडा पडला नाही. त्यानं मीटर उलटं केलं, जाळीवर नख फिरवलं. कुंकवाची वाळलेली खपली निघाली. खाली हळद. एक तांदूळ तर पार रुतून बसला होता. त्यानं खराट्याची काडी घेऊन एक एक भोक मोकळं केलं, फुंकर मारली, आकडा खाली आला. मग मीटर पेवात सोडलं. ते असं किंचाळलं की गंगाबाईची शेळी दावं तोडून पळाली. वर ओढलं तेव्हा आकडा नऊवर होता आणि हळूहळू चढत होता.

जावई खाली मातीतच बसला. त्याला इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच बघितला.

"रेखा," तो शेवटी म्हणाला, "पाणी आण." पाणी प्याला, मग माझ्याकडं वळला. "मामी, कुंकू कुणी लावलं?"

"मी."

"आणि हाक कुणी मारली?"

"मी न्हाई."

"म्हंजे मारायची तयारी तुम्ही केली हे कबूल, आणि वाचवलं ते कबूल न्हाई?"

"जे केलं ते सांगितलं," मी म्हटलं.

त्या दिवशी दुपारी त्यानं खाणीत अपघातानंतर करतात तशी चौकशी लावली. कोण कुठं उभं होतं, कुणी काय ऐकलं, वहीत लिहून घेतलं. रज्जाकभाईंना बोलावणं गेलं. ते आले, म्हणाले, "लाईट गेली तवा काकू माझ्यासमोर व्हत्या. माझ्या जात्याला नावं ठेवून राहिल्या व्हत्या." आणि आवाज आला तो लाईट गेल्याबरोबर, हे गंगाबाईच्या टीव्हीवरून पक्कं होतं. म्हणजे एकाच वेळी मी गिरणीत रज्जाकभाईंशी भांडत होते आणि घरी जावयाला शिव्या देत होते. मला दोन्ही कामं येतात, पण एका वेळी एकच.

मग तो म्हणाला, आता तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहून तेच शब्द बोला, मी पेवापाशी थांबून ऐकतो.

"धोंड्याच्या महिन्यात?" मी विचारलं.

"ड्युटी समजा."

मी आत गेले, पदर खोचला आणि बोलले. अकरा वर्षांचं होतं, बरं वाटलं. बाहेर आले तर तो मान हलवत होता.

"आवाज हाच हाय. पण जोर कमी पडला, मामी."

"पुन्हा बोलू का?"

"नको," रेखा म्हणाली.

पेवाचं त्यानं पुढं व्यवस्थित केलं, तेही सांगते, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडेल. उफणणीचा पंखा आणला, खताची रिकामी पोती एकाला एक शिवून लांब नळी केली, एक टोक पंख्याला, दुसरं पेवाच्या तळाला. खाणीत लांबच्या बोगद्यात असाच वारा नेतात म्हणे. रात्रभर पंखा चालवला. सकाळी फुंकर मारून मीटर तपासलं, ते आत सोडलं, मग माझ्या समाधानासाठी दिवाही सोडला. दोघांचं एकमत झाल्यावर कमरेला दोर बांधून तो उतरला, ज्वारी काढली आणि धोंड्यांबरोबर सात भाकरी खाल्ल्या. फरशीवरची आदल्या दिवशीची सही त्यानं ओल्या फडक्यानं पुसून टाकली. ते मला आवडलं.

आता कोण बोललं? हणमंत म्हणतो पेवात आवाज घुमतो, तसं काहीतरी असेल. पण घुमायला आधी कुणीतरी बोलावं लागतं. जावई म्हणतो हवा कमी पडली की माणसाला भास होतात. पण रेखा आणि हणमंत उघड्या अंगणात होते, आणि गंगाबाई तर रस्त्यापलीकडं ओट्यावर, तिथं हवा भरपूर होती. गंगाबाई म्हणते माझी गेलेली सासू बोलली, नारळ वाढव. सासू जिवंतपणी कुणाच्या कामी आली नाही, मेल्यावर कशाला येईल? आणि 'हावऱ्या' तिला कसं कळलं? ती तर रेखाच्या जन्माआधीच गेली होती.

मी स्वतः पुष्कळ विचार केला. काही सुचत नाही. कुठल्या देवाला नारळ फोडावा हेही कळत नाही, म्हणून अजून फोडलेला नाही.

गल्लीत माझं नाव झालं ते झालंच. बाया कौतुक करतात — काकूंनी रीत बाजूला ठेवली आणि जावई वाचवला. मी त्यांना एकच सांगते, आणि तेवढंच त्यांना पटत नाही. मी त्या दिवशी घरी असते तर बोलले नसते. महिना धोंड्याचा, जावई नारायण, त्यात मीटर त्याचं आणि हुद्दाही त्याचा. मी दारात उभी राहून फार तर म्हटलं असतं, "जपून हं, जावईबापू." आणि तो उतरला असता.